उत्तर समुद्राची हवा

“आज काय लिवलंय, बाई?”

सफुरा पायरीवरच बसली. कुंभिवलीहून खालापूरपर्यंत चालत यायची, पण आत ये म्हटलं तरी ती आत येत नसे.

विमलबाई मुलींच्या शाळेत शिकवत. महालकऱ्यांच्या कचेरीत येणारा मुंबईचा इंग्रजी पेपर दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे येई. त्यात एका कोपऱ्यात विलायतेकडच्या हवेचा अंदाज असे. सफुराचा नवरा रमजान भाद्रपदात बोटीच्या भट्टीत कोळसा घालणारा आगवाला म्हणून निघाला होता. ती बोट कोळसा घेऊन नॉर्वेच्या किनाऱ्याला ये-जा करते असं कळल्यापासून सफुरा दर दोन-तीन दिवसांनी येऊन तेवढा कोपरा वाचून घेत होती.

विमलबाईंनी चष्मा पुसला. “उत्तर समुद्रावर जोराचा वारा. नॉर्वेच्या किनाऱ्यावर बर्फाचं वादळ होण्याचा संभव.”

“कधी?”

“मंगळवारी.”

“आज शुक्रवार.”

“हो.”

“म्हंजी होऊन गेलं असंल.”

“झालं की नाही ते पुढच्या पेपरात कळेल.” विमलबाईंनी घडी घातली.

“खाली अजून लिवलेलं दिसतंय.”

“काही विशेष नाही.”

“सगळं वाचा, बाई. मला पुढं सांगावं लागतं.”

विमलबाईंनी पुन्हा घडी उलगडली. थंडीने डेकवर बर्फ साचतो, त्याच्या भाराने बोट कलंडू शकते, म्हणून खलाशांना कुऱ्हाडी घेऊन तो फोडावा लागतो, असं खाली होतं. त्यांनी ते वाचलं.

सफुरा कागदावरच्या त्या ओळींकडे पाहू लागली. मग म्हणाली, “आगवाल्याला पण वर काढत्यात?”

“माणसं कमी पडली तर काढत असतील.”

“नव्या माणसाला जमंल का ते?”

“नव्याचं काय घेऊन बसलीस? रमजान बारा वर्षं बोटीवर जातोय.”

“व्हय,” सफुरा म्हणाली आणि उठली.

रमजानला निरोप द्यायला त्या वेळी अर्धा मोहल्ला खोपोलीच्या स्टेशनावर गेला होता. पावसाळाभर त्याला खोकला होता, पण खलाशांच्या मुकादमाचा, सारंगाचा, निरोप आलेला. या खेपेचा शिक्का नळीवर, म्हणजे बोटीच्या नोकरीच्या पुस्तकावर, पडला नाही तर पुढे बोट मिळाली नसती. त्याची पेटी उचलायला डोंगराकडच्या वाडीवरचा कमळ्या ठाकर मुंबईपर्यंत सोबत गेला. तो परत आला नाही. गोदीत कामाला लागला, असं त्याची आई कोंडी बाजारात सांगे. म्हातारीचं झोपडं वाडीच्या टोकाला, एकटंच होतं.

डिसेंबर गेला. सफुरा येत राहिली. कधी दोन अंडी आणी, कधी चिंचेचा गोळा. विमलबाई वाचत, ती ऐके. वादळाचा इशारा असला की तिचा चेहरा ओढल्यासारखा दिसे, आणि नसला तरी तो तसाच राही. एकदा विमलबाई म्हणाल्या, “रोज उठून हे ऐकून काय मिळतं गं तुला? आपण वाचतो तोवर ते होऊनही गेलेलं असतं.”

“ठाव हाय मला.”

“मग?”

“कुणी इचारलं तर काय सांगू? नाय गेले म्हणून सांगू?”

सासू असेल घरात, विमलबाईंना वाटलं. त्यांनी पुढे विचारलं नाही. त्यांनाही हे वाचण्याचा शीण येऊ लागला होता. शाळेतल्या नकाशावर तो किनारा दिसला की त्या नजर काढून घेत.

जानेवारी सरता सरता सफुरा पाकीट घेऊन आली. पोस्टमनने सकाळी दिलं होतं. वर इंग्रजी टाइप केलेला पत्ता होता. तिने ते फोडलं नव्हतं.

विमलबाईंनी पत्र आधी मनात वाचलं. मग त्या खाली उतरून सफुराशेजारी पायरीवर बसल्या.

“सफुरा, मागच्या महिन्याच्या सोळा तारखेला वादळ झालं. बर्फ फोडायला माणसं वर काढली होती. लाट आली.”

सफुराने मान हलवली.

“तिघं वाहून गेले. सापडले नाहीत.”

“नाव काय लिवलंय?”

“रमजान इस्माईल. आगवाला. कुंभिवली, जिल्हा कुलाबा.”

“परत वाचा.”

विमलबाईंनी परत वाचलं. सफुरा रडली नाही. तिने पत्र घेतलं, नीट घडी केली आणि पदराच्या टोकाला बांधलं.

“मी येते तुझ्याबरोबर,” विमलबाई म्हणाल्या. “मोहल्ल्यात मी सांगते. तुला बोलावं लागणार नाही.”

“नको, बाई. मोहल्ल्यात मागून कळू दे. आदी मला दुसरीकडं जायचं हाय.”

“आत्ता? या अशा वेळी?”

“तिथं वाट बगत्यात.”

ती कुंभिवलीच्या वाटेला न लागता डोंगराच्या दिशेने निघाली. दुपार कलली होती. चढावर ती दोनदा थांबली, एकदा दगडावर टेकली. तिथून खालची गावं दिसत होती, तिचं घरही दिसत होतं. परत फिरावं असं तिच्या मनात आलं. मग ती उठली आणि चालू लागली.

वाडीच्या टोकाला कोंडी झोपडीपुढे नाचणी पाखडत होती. सफुराला पाहून तिने सूप खाली ठेवलं आणि बसायला जागा केली.

“ये गं बाय. काय म्हनतो आज कागुद? थंडी सरली का तिकडली?”

सफुरा तिच्यासमोर बसली आणि पदराची गाठ सोडू लागली. झोपडीत खोकल्याची ढास उठली, आणि कुडाला धरत, घोंगडी पांघरलेला रमजान दारात आला.

“सांग ना,” तो म्हणाला. “पोरगं येतंय ना माझी नळी घेऊन?”

सफुराने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने म्हातारीचे दोन्ही हात हातात घेतले. “कोंडीमावशी, तुझा कमळ्या माझ्या माणसाच्या नावानं बुडाला गं.”