अंगणातला दिवा

वालचंदनगरचं क्वार्टर सोडावं लागणार म्हणून जोतीरामतात्यांनी बारामतीत बँकेनं जप्त केलेलं घर घेतलं. त्यात सात महिने गेले. घराबद्दल काहीही विचारलं की एजंट म्हणायचा, "बँकेला विचारा." बँकेतले साहेब म्हणायचे, "जसं आहे तसं घ्यायचं. बाकी एजंटला विचारा."

वास्तुशांतीच्या जेवणाचं आमंत्रण द्यायला तात्या एकटेच गल्लीभर फिरले. सगळे "येतो की" म्हणाले. शेजारच्या म्हाळसाबाई तेवढ्या खरं बोलल्या, "त्या घरच्या वास्तुशांतीला आमी एकदा जेवलोय, तात्या."

दिवेलागण झाली तरी पंगत मोकळीच होती. निदान अंगणात उजेड तरी करावा म्हणून तात्या दिव्याचं बटण शोधत होते, तेही सापडेना. तेवढ्यात फाटक वाजलं. एक अनोळखी माणूस आत आला.

"या, या! जरा जपून. दिव्याचं बटण कुठं हाय, कुणाला सांगताच येत न्हाय."

त्यानं चपला पायरीच्या कडेला काढल्या, दारातूनच हात आत घातला, आणि न चाचपडता बटण दाबलं. अंगण उजळलं.

मग तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"कुठं बसू, तात्या?"