जोडीच दिसली पाहिजे

"हे वाक्य येते तरी कुठून?" हिमांशूने वैतागून पान पुन्हा रिफ्रेश केलं.

सारस-गणनेच्या वेबसाइटवर गावोगावचे शेतकरी आपल्या धानाच्या बांधीत दिसलेले पक्षी मोबाईलवरून नोंदवत. आकडा पाहून मराठी वाक्य आपोआप बदलायचं. दोन असले की 'सारसाची जोडी दिसली', एक असला की 'एकच सारस दिसला'. सगळीकडे जोड्या झळकत होत्या. एका बांधीसमोर मात्र आठवडाभर 'एकच सारस' अडून बसला होता, आणि ती बांधी त्याच्याच बाबांची, अर्जुनी मोरगावकडची! दुपारी मोठे साहेब पाहणीला येणार. गोंदियाच्या या कंपनीतली त्याची नोकरी पक्की व्हायची ती त्यांच्या होकारावर, आणि नेमकी घरच्याच बांधीत माशी शिंकली होती.

त्याने एकवचन-अनेकवचनाचे नियम तपासले, भाषेची फाइल उलटीपालटी केली, ब्राउझरची कॅश मेमरी रिकामी केली. सारस जागचा हलेना.

"कोड में कुछ नहीं," शेजारच्या टेबलावरची रुचिका म्हणाली. "आकडाच एक आला आहे. बाबांना फोन लगा ना."

"बाबाचं बोट घसरलं असन. सारस कधी एकटा राहते का? आमच्याकडे नवरा-नवरीले सारसासारखे राहा म्हणतेत!"

बाबांचा फोन सकाळपासून दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा त्याने कापला. शेतातलंच काही रडगाणं असणार! रानडुकरं धान तुडवतात म्हणून गेल्या सुट्टीत त्याने स्वतः बांधीभोवती तार ओढून त्यात खांबावरचा करंट सोडला होता. बाबा नको नको करत राहिले. पण घरात इंजिनिअर असताना डुकरांनी धान खावं म्हणजे काय? तेव्हापासून एक डुक्कर फिरकलं नव्हतं, तरी म्हाताऱ्याचं समाधान होईल तर शपथ.

साहेबांची गाडी फाटकात आली तेव्हा त्याने सरळ एकवचनाच्या जागीही 'सारसाची जोडी दिसली' हेच वाक्य चिकटवलं. रुचिकाने कपाळावर हात मारला.

साहेब खूश झाले. "अरे, तुमच्या वडिलांच्या शेतातही जोडी? वा!" त्यांनी पाठ थोपटली. नोकरी पक्की.

संध्याकाळी त्याने हसतच घरी फोन लावला. "बाबा, झालो पर्मनंट! पण तुम्ही रोज एकच काऊन लिहून राहिले होते?"



"आता मोबाईलवर जोडी दिसून राहिली," बाबा म्हणाले. "तूच केलं ना?"

"हो मग!"

"बरं केलं, बाबू. फॉरेस्टवाले येतीन म्हणून जीव टांगणीले लागला होता. पण दोन लिहाले माहा हात धजेना. मादी म्या बांधाखालीच पुरली. तुह्या तारेले चिकटली होती."