टेकाडातली भिंत

ते टेकाड माणसांनी रचलेलं आहे, असं पुरातत्त्वज्ञ ताई वर्षानुवर्षं जीव तोडून सांगत होती. आणि तो नुसता नदीचा गाळ आहे, असं तिचाच धाकटा भाऊ, भूशास्त्रज्ञ, भर सभेत ठणकावत होता. त्यापायी दोघांचं बोलणंही तुटलं होतं. पण आज सकाळी उत्खननात कच्च्या विटांची भिंत लागली, तशी तिने त्याला फोन केला, "ये आणि डोळ्यांनी बघ."

तो पोचला, तेव्हा खड्ड्याची कड नुकतीच ढासळली होती. ताई माती आणि भिंत यांच्या मधल्या फटीत अडकली होती. वरून उपसायला जावं तर माती आणखीच कोसळत होती. शेजारच्या खड्ड्यातून वाट होती, पण ती त्या भिंतीतूनच.

"सर, भिंतीचा अजून एकही फोटो काढलेला नाही हो," तिची सहायक रडकुंडीला येऊन म्हणाली.

त्याने शेजारच्या खड्ड्यात उतरून भिंतीवर कुदळीचा घाव घातला, तशी वरची माती थरथरली. मग कुदळ फेकून तो बोटं रक्ताळेपर्यंत हातांनीच विटा ओढत सुटला. "ताई, बोलत राहा!" आतून नुसता खोकला येत होता.

अखेर ताई बाहेर आली. तिच्यामागे उरलेली भिंतही खाली बसली.

"गेली ना रे?" तिने धापा टाकत विचारलं.

 

"गेली. पण एकेक वीट मी या हातांनी काढलीये. आता कोण तुला खोटं पाडतो, ते मी बघतो."