शास्त्रशुद्ध डाग

मेहुण्याच्या हातून नव्याकोऱ्या गालिच्यावर चहा सांडला. बायको म्हणाली, "अहो, त्या डागावर तिपाई सरकवा आणि मोकळे व्हा." पण मास्तरांनी जन्मभर विज्ञान शिकवलेलं, ते असं ऐकतात होय!

"साबण, पावडर की वाफ, हे आधी शास्त्रशुद्ध ठरवू," ते म्हणाले. मूळ डागावर प्रयोग करून तो बिघडवायचा नाही, म्हणून त्यांनी अगदी तसाच चहा करायला लावला आणि गालिच्याच्या तीन कोपऱ्यांत एकेक कप ओतला. बायकोने कपाळावर हात मारून घेतला. साबणाने पहिला डाग ताटाएवढा पसरला, पावडरीने दुसऱ्याचा चिखल केला आणि वाफेने तिसरा असा मुरला, की जणू विणतानाच घातला होता.

संध्याकाळी मास्तर तडक बाजारात जाऊन आले.

हल्ली पाहुणे विचारतात, "मास्तर, एवढ्याशा खोलीत चार तिपाया कशाला?"



मास्तर चष्मा सावरत सांगतात, "डाग घालवायच्या सगळ्या पद्धती तपासल्या. माझ्या प्रयोगात हीच सर्वांत खात्रीची ठरली."