अंबाडीचं पाणी

तळ्याच्या मधोमध उरलेल्या एवढ्याशा डोहावर मासे उताणे पडले होते. पारूबाई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून एकेक वेचत होती, टोपलीत टाकत होती. दोर वळणारा केरबा काठावर उभा. त्याचे पाय काही पाण्यात पडेनात.

"बघून काय राहिलास? ये की आत," पारूबाई म्हणाली. "लातूर जिल्हा झाला म्हणून नाचून आलास, तवा पाय लई उचलत व्हते."

केरबा हसला नाही. पाणी उकळल्या चहासारखं काळं झालं होतं, आणि त्याला येणारा कुजका वास केरबाच्या ओळखीचा होता.

"माझंच चुकलं बग," ती पुटपुटली. "यंदा पाऊस न्हाई, मासा उपाशी मरंल म्हणून रोज भाकर चुरून टाकली. भाकरीनंच पाणी नासलं. बियाणाला राखलेला मासा, माझ्याच हातानं मारला."

केरबाला ते ऐकवेना. तो धोतरासकट पाण्यात शिरला, लव्हाळ्यापाशी वाकला, दोन धोंडे लोटले आणि खालून, दोराचा वाख सुटावा म्हणून कुजत घातलेली अंबाडीची पेंढी ओढून काढली. बुळबुळीत, साल सुटलेली. तिच्यातून काळा रस धारेनं डोहात उतरत होता. मग दुसरी काढली. मग तिसरी.

पारूबाईचे हात थांबले.

"दरसाल हितंच भिजत घालतोस की तू."

"दरसाल तळं असायचं, आक्का."

भरल्या तळ्यात तो रस कुठल्या कुठं विरून जायचा. त्यावर शेवाळ धरायचं, शेवाळावर मासा पोसायचा. यंदा पेंढ्या बुडवताना केरबानं सवयीची जागा तेवढी बघितली. पाणी बघितलंच नाही.

आता ही शिव्या देईल, म्हणून तो मान घालून थांबला. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पारूबाई काठावर गेली. तिथं मातीच्या घागरीत दोन मरळी होत्या, वर तोंड काढून हवा गिळणाऱ्या. डोहातल्या तेवढ्याच जगल्या होत्या. घागर उचलून तिनं त्याच्या ओल्या हातात दिली.

"पाणी बदलत जा. मिरगापत्तूर जगव."

"आमालाच दिसाला एक घागर मिळती, आक्का."

"मग त्यात यांचा बी वाटा धर."

टोपली डोक्यावर घेऊन ती निघून गेली. घागरीतली एक मरळ वर आली, केरबाच्या तोंडासमोर तोंड उघडून तिनं एक घोट हवा घेतली, आणि पुन्हा तळाशी गेली.