एफीचा दगड

"हळू घास रे," उना म्हणाली. "अक्षरं आधीच झिजलीत. तुझ्या हातून तुझीच खापरपणजी पुसली जायची."

रॉडरिकने ब्रश पुन्हा बादलीत बुडवला. थडग्याच्या दगडावर खाली 'एफी मॅकेल्ड्रन' स्पष्ट दिसत होतं. वरची ओळ शेवाळाखाली होती. मागे मॅकेल्ड्रन कुळातली शंभरेक माणसं उभी होती. निम्मी उनासारखी बेटावरची, निम्मी रॉडरिकसारखी कॅनडातून आलेली. कुळाला आज प्रमुख मिळणार होता, तोही दोनशे वर्षांनी.

नुसते हात वर करायला सांगितले तर उनाच निवडून येणार, हे रॉडरिक ओळखून होता. बेटावर येणाऱ्या प्रत्येकाला तिने पूर्वजांचं घर दाखवलं होतं, वर जेवूही घातलं होतं. म्हणून कालच्या सभेत त्याने अट घातली: आडनाव बापाकडूनच आलेलं हवं. उनाची आई बिनलग्नाची होती. सगळ्यांनी माना खाली घातल्या. उनाला ते फार लागलं.

सभा चालवणारा म्हातारा मर्डो एवढंच म्हणाला, "अट सगळ्यांना सारखी. एफीच्या दगडावर तिच्या नवऱ्याचंही नाव आहे. त्याने तुझा शब्द राखला तर मान तुझा. नाहीतर अट रद्द आणि सरळ मतदान."

"चालेल," रॉडरिक छाती काढून म्हणाला होता.

"तुझा पणजोबा अँगस अंगावर पीत होता, तेव्हा त्याचा बाप समुद्रात बुडाला," उना आता सांगत होती. "एकट्या एफीने वाढवला त्याला."

"आणि त्याने कॅनडात मॅकेल्ड्रन नाव गाजवलं, मिसेस गन."

"मला मिसेस गन म्हणणारा तू पहिलाच. चाळीस वर्षांत नवऱ्याचीसुद्धा हिंमत झाली नाही. आमच्याकडे लग्नात बाई घर बदलते, नाव नाही. एफीच्याही आधीपासून."

बेटावरचे खो खो हसले. रॉडरिकने लक्ष दिलं नाही. शेवाळाचा शेवटचा तुकडा निघाला आणि त्याने आवाज चढवून वाचलं, "डोनाल्ड..."

कॅनडावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. रॉडरिक मात्र पुढे वाचेना. मर्डोने वाकून चष्मा सावरला.

"'डोनाल्ड बेन,'" त्याने सावकाश वाचलं, "'आणि त्याची पत्नी एफी मॅकेल्ड्रन.'"

मग तो गर्दीकडे वळला. "म्हणजे अँगसचंही नाव आईकडूनच आलं. अट रद्द. उनासाठी हात वर करा."

सगळ्यात आधी कॅनडावाल्यांचे हात वर गेले.