तोफाबाईचं हसू

शरणम्मांनी बोट उगारलं आणि ओट्यावरच्या डाळीच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाईलने ते टिपलं.

"ऊन डोक्यावर आलं, अन् तवा आजून थंडच हाय. माहेरी बी आसंच होतं का?"

"न्हाई, अत्याबाई," शिल्पा खाली मान घालून म्हणाली. मनातून मात्र ती खूश होती. सासूचं नेमकं हेच बोट तिला हवं होतं.

मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसणारी सून आपल्याला चालायची नाही, असं शरणम्मांनी लग्न ठरतानाच बजावलं होतं. आणि जळकोटच्या त्या घरात सून नेमकी तशीच आली. सकाळी गुपचूप सासूचे फोटो काढायचे, दुपारी सासू आडवी झाली की लॅपटॉपवर त्यांवरून चित्रं करायची. चित्रातल्या बाईचं नाव तिने ठेवलं होतं तोफाबाई. शरणम्मांना कळलं असतं तर मोबाईल विहिरीत गेला असता, आणि मागोमाग सून माहेरी.

कॉमिक बनवायच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये तयार पात्रं ढीगभर होती. सगळी सुटाबुटातली, गोरीगोमटी. पदर खोचून भांडणारी एकही नाही. सॉफ्टवेअरवाल्यांनी स्पर्धा लावली होती, तुमचं पात्र तुम्हीच बनवून पाठवा. पहिलं येणारं पात्र सॉफ्टवेअरमध्ये कायमचं जाणार होतं, आणि बनवणाऱ्याला घरबसल्या चित्रांचं काम मिळणार होतं. शिल्पाला ते काम हवंच होतं. चित्रकलेचं शिक्षण घेऊन दारापुढे नुसत्या रांगोळ्या काढायचा तिला वीट आला होता.

प्रकरण किचकट होतं. प्रत्येक हावभावाची वेगळी फाईल. मागचं सगळं खोडून नुसतं माणूस उरवायचं. हलत्या चित्राचं तर विचारूच नका. बोट नाचवायचं तर बोटच हललं पाहिजे, खांदा जरा सरकला की पात्र हिवताप आल्यासारखं थरथरतं.

पण नशीब पोरीच्या बाजूने होतं. शरणम्मा ओरडायच्या त्या नेमक्या पांढऱ्या भिंतीपुढे उभ्या राहून. तिथलं कॅलेंडर त्यांनीच काढून ठेवलं होतं, खिळा सैल झालाय म्हणून. ओरडताना जागच्या हलायच्या नाहीत. अंगावर रोज तेच जांभळं पातळ.

"आईला नवं पातळ घेऊ का?" शिवशंकरने एकदा बायकोला विचारलं.

"एवढ्यात नको," ती घाईघाईने म्हणाली.

एकदा आवरताना डाळीचा डबा फळीवर गेला. शरणम्मांनी तो परत ओट्यावर आणून ठेवला. "माझ्या हाताशी ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाल्या. शिल्पाने देवाला हात जोडले.

राग झाला, संशय झाला, कपाळावर हात मारून झाला. घोडं अडलं हसण्यावर. हसण्याची फाईल नसेल तर पात्र घेणारच नव्हते, आणि शरणम्मांना हसताना जळकोटात कुणी पाहिलं नव्हतं. शिल्पाने अंदाजाने काढून बघितलं, तर तोफाबाईची दाढ दुखत असावी असं दिसलं. मुदत संपत आली. रात्री जेवताना ती नवऱ्यापाशी रडकुंडीला आली.

"सगळं जमलं हो, हसूच सापडंना झालंय."

पलीकडे शरणम्मा लसूण सोलत होत्या.

सकाळी त्या भिंतीपुढे येऊन उभ्या राहिल्या आणि एकाएकी खदखदून हसल्या. शिल्पाच्या हातातली परात पडायची राहिली.

"काय झालं, अत्याबाई?"

"कमलम्माची म्हैस आठवली गं. व्याह्याचा फेटा खाल्ला होता तिनं." आणि पुन्हा पोट धरून हसल्या.

त्याच दिवशी फायली गेल्या.

निकाल लातूरला होता. निघायच्या वेळी शरणम्मा चपला घालून दारात हजर. "मलाबी लातूर बघायचंय." शिल्पाने नवऱ्याकडे बघितलं, पण आईला नको कोण म्हणणार?

पहिला नंबर तोफाबाई! पडद्यावर भली थोरली तोफाबाई उभी राहिली, तिने बोट नाचवलं आणि खदखदून हसली. सगळं सभागृह तिच्यासंगे हसलं. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. शिल्पाच्या हातात ढाल आली. जिंकली होती ती.

मग तिची नजर पुढच्या रांगेत गेली. तिथे तेच जांभळं पातळ बसलं होतं, आणि आजूबाजूचे लोक एकदा पडद्याकडे, एकदा त्याच्याकडे वळून बघत होते. शरणम्मांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती.

शिल्पा खाली उतरली आणि वाकून पाया पडली. "अत्याबाई, चुकलं माझं. तुम्हाला न इचारता..."

शरणम्मांनी ढाल हातात घेतली, पदराने पुसली आणि सुनेच्या कानाशी तोंड नेलं.

"आता तरी दुसरं पातळ नेसू का गं?"